विश्लेषण : लष्करी आणि प्रवासी विमाने एकमेकांचे बोलणे का ऐकू शकत नाहीत?

वॉशिंग्टनच्या आकाशात २९ जानेवारी २०२५ च्या रात्री प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले, ६७ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही वैमानिक एकाच नियंत्रकाशी बोलत होते, पण एकमेकांचे शब्द त्यांच्या कानावर पडत नव्हते. विमानांचा रेडिओ म्हणजे सर्वांनी मिळून ऐकायची एक सामायिक वाहिनी, ही या व्यवस्थेची मूळ कल्पना. ती वाहिनी कुठे आणि का तुटते? लष्कर आणि नागरी वाहतूक यांचे रेडिओ वेगळे का असतात? आणि पुणे, गोव्यासारख्या लष्करी धावपट्टीवरून उडणाऱ्या प्रवाशांसाठी याचा अर्थ काय?

वॉशिंग्टनमध्ये नेमके काय घडले?

अमेरिकन एअरलाइन्ससाठी पीएसए एअरलाइन्स चालवत असलेले सीआरजे-७०० विमान कॅन्ससमधील विचिटाहून रोनाल्ड रीगन विमानतळाकडे येत होते. त्यात ६४ जण होते. अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर तीन जणांसह पोटोमॅक नदीच्या कडेने प्रशिक्षण उड्डाण करत होते. नियंत्रण मनोऱ्यात एकच नियंत्रक विमाने आणि हेलिकॉप्टर या दोन्हींची वाहतूक सांभाळत होता. विमानांसाठी एक फ्रिक्वेन्सी, हेलिकॉप्टरसाठी दुसरी. नियंत्रक बोलला की त्याचा आवाज दोन्हींवर जाई. मात्र विमानाचा वैमानिक काय म्हणतो हे हेलिकॉप्टरला आणि हेलिकॉप्टर काय म्हणते हे विमानाला ऐकू येत नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या म्हणजे एनटीएसबीच्या प्राथमिक तपासातून आणखी दोन बाबी पुढे आल्या. विमान ऐनवेळी वळसा घेऊन ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे जाणार होते. नियंत्रकाने हेलिकॉप्टरला तसे सांगितले, पण वळसा घेण्याबाबतचा नेमका शब्द हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात आढळला नाही. त्यानंतर, टक्कर होण्यापूर्वी सुमारे १७ सेकंद, ‘त्या विमानाच्या मागून जा’ अशी सूचना गेली. नेमक्या त्या क्षणी हेलिकॉप्टरमधून कोणीतरी बोलण्यासाठी माइकचे बटण दाबले होते. ०.८ सेकंदच. पण तेवढ्यात ‘मागून जा’ हा भाग हेलिकॉप्टरमध्ये पोहोचलाच नसावा, असे तपास अधिकाऱ्यांचे म्हणणे. विमान दिसत असल्याचे हेलिकॉप्टरने कळवले होते. अंधारात ते दुसऱ्याच विमानाचे दिवे पाहत असण्याची शक्यता आहे.

अपघाताची कारणे अर्थातच केवळ रेडिओपुरती नव्हती. हेलिकॉप्टरचा मार्ग आणि धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाचा मार्ग यांच्यात काही ठिकाणी जेमतेम ७५ फुटांचे उभे अंतर उरत होते. हेलिकॉप्टर २०० फुटांची मर्यादा ओलांडून वर होते. विमानातील टक्करविरोधी यंत्रणेने २० सेकंद आधी इशारा दिला, पण जमिनीपासून इतक्या कमी उंचीवर ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असा आदेश ती यंत्रणा देत नाही. म्हणजे शेवटचा भरवसा डोळ्यांवर आणि कानांवर होता. कान मात्र अर्धेच उघडे होते.

विमानाचा रेडिओ चालतो कसा?

जगभरातील प्रवासी विमाने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या व्हीएचएफ पट्ट्यात बोलतात. आपल्या घरच्या एफएम रेडिओची पट्टी १०८ ला संपते, तिथून वर विमानांची हद्द सुरू होते. १०८ ते ११८ हा भाग दिशादर्शक यंत्रणांसाठी आणि त्यापुढचा संभाषणासाठी. हा पट्टा छोट्या छोट्या वाहिन्यांत वाटलेला आहे. बहुतेक जगात दोन वाहिन्यांमधले अंतर २५ किलोहर्ट्झ असते. युरोपात गर्दी इतकी वाढली की एकेका वाहिनीचे तीन तुकडे करून ते अंतर ८.३३ किलोहर्ट्झवर आणावे लागले.

विमानतळाचा मनोरा, विमान वर चढताना आणि उतरताना सांभाळणारा नियंत्रक, लांबच्या मार्गावरचा नियंत्रक, अशा प्रत्येकाची वाहिनी वेगळी. एका हद्दीतून दुसरीत जाताना नियंत्रक पुढची फ्रिक्वेन्सी सांगतो, वैमानिक ती परत म्हणून दाखवतो आणि रेडिओ त्यावर लावतो. एका वाहिनीवरची सगळी विमाने एकमेकांचे बोलणे ऐकतात. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबले की बोलणे, सोडले की ऐकणे.

व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईबरोबर फारशा वळत नाहीत. त्यामुळे ३५ हजार फुटांवरच्या विमानाशी जमिनीवरून साधारण ४०० किलोमीटरपर्यंतच बोलता येते. विमान जितके खाली, तितका पल्ला कमी. म्हणूनच देशभर ठिकठिकाणी रेडिओ केंद्रे उभारून ती दूरसंचार वाहिन्यांनी नियंत्रण कक्षाला जोडावी लागतात. मुंबईत बसलेला नियंत्रक शेकडो किलोमीटर दूरच्या विमानाशी बोलतो, तेव्हा त्याचा आवाज आधी जमिनीवरून दूरच्या केंद्रापर्यंत जातो आणि तिथल्या अँटेनातून आकाशात.

एवढे जुने तंत्र अजून का?

गाण्यांसाठी एफएम आले, मोबाइल डिजिटल झाले, विमाने मात्र अजून एएम पद्धतीनेच बोलतात. आवाज खरखरतो, तरीही. त्यामागे केवळ सवय नाही, पक्के तांत्रिक कारण आहे.

एफएममध्ये दोन जण एकाच वेळी बोलले, तर ज्याचा सिग्नल जोरकस तो दुसऱ्याला पूर्ण गिळून टाकतो. ऐकणाऱ्याला दुसरा कोणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीतील किंचित फरकामुळे कानठळ्या बसवणारी शिट्टी ऐकू येते. शब्द कळत नाहीत, पण ‘आणखी कोणीतरी बोलले’ हे नक्की कळते. संकटातल्या विमानाची क्षीण हाक दबून जाऊ नये, यासाठी हा गुण मोलाचा. दुसरे कारण व्यवहाराचे. छोट्या दोन आसनी विमानापासून जम्बो जेटपर्यंत, आणि प्रत्येक देशात, तोच रेडिओ चालला पाहिजे. तो बदलायचा तर साऱ्या जगाला एकाच वेळी बदलावे लागेल.

मात्र ती शिट्टीही पुरेशी ठरली नाही, असा प्रसंग घडला आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ जण दगावले. जगातील हा आजवरचा सर्वात भीषण विमान अपघात. केएलएमचे विमान उड्डाणासाठी निघाले असताना नियंत्रकाने त्याला थांबायला सांगितले आणि त्याच क्षणी पॅन ॲमच्या वैमानिकाने ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे कळवले. दोन्ही संदेश एकमेकांवर पडले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये नियंत्रकाचे सुरुवातीचे ‘ओके’ स्पष्ट पोहोचले, पुढे फक्त शिट्टी. त्यानंतर जगभरात रेडिओवरची भाषा काटेकोर करण्यात आली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, आणि महत्त्वाची सूचना नुसते ‘ओके’ न म्हणता पूर्ण परत म्हणून दाखवायची, ही शिस्त त्यातूनच पक्की झाली.

लष्कराचा रेडिओ वेगळा का?

लष्करी विमानांना प्रामुख्याने २२५ ते ४०० मेगाहर्ट्झचा यूएचएफ पट्टा दिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी वाहतूक वाढू लागली, तशी लष्करांना स्वतःची मोकळी जागा हवी होती. उच्च फ्रिक्वेन्सीला अँटेना लहान लागतो, लढाऊ विमानाला तेही सोयीचे.

मूळ फरक मात्र उद्देशाचा आहे. नागरी रेडिओ सर्वांनी ऐकावा म्हणून उघडा ठेवलेला असतो. लष्करी रेडिओ शत्रूने ऐकू नये आणि दाबूही नये म्हणून बंद करावा लागतो. त्यासाठी संभाषण सांकेतिक केले जाते आणि फ्रिक्वेन्सी सेकंदात अनेक वेळा बदलत ठेवली जाते. दोन्ही बाजूंच्या संचांना हा क्रम आधीच ठाऊक असतो. बाहेरच्याला मात्र केवळ तुटक खरखर ऐकू येते. आता तर आवाजाबरोबर, किंवा आवाजाऐवजी, डेटा लिंकवरून लक्ष्यांची चित्रेच एका विमानातून दुसऱ्यात जातात.

शांततेच्या काळात नागरी हद्दीतून जाताना लष्करी विमाने नागरी वाहिनीवर बोलू शकतात. बहुतेक लष्करी विमानांत दोन्ही पट्ट्यांचे संच असतात. पण सगळ्यांत नसतात आणि असले तरी सरावात गुंतलेले पथक आपल्याच वाहिनीवर असते. अशा वेळी दोन जगांमधला एकमेव दुवा म्हणजे दोन्हीकडे बोलणारा नियंत्रक. काही ठिकाणी व्हीएचएफ आणि यूएचएफ वाहिन्या यंत्रानेच जोडल्या जातात. एकावरचे बोलणे आपोआप दुसऱ्यावर ऐकू येते. हा उपाय सोपा वाटतो, पण त्यातून दोन्ही वाहिन्यांची गर्दी एकत्र होते आणि एकाचे बोलणे दुसऱ्यावर पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे टेनेरिफचा धोका टाळायचा की वॉशिंग्टनचा, असा तो पेच आहे.

संपर्कच तुटला तर?

यासाठी दोन राखीव वाहिन्या आहेत. नागरी विमानांसाठी १२१.५ मेगाहर्ट्झ, लष्करी विमानांसाठी त्याच्या बरोबर दुप्पट, २४३. या वाहिनीवर वैमानिकांनी सतत कान ठेवायचा असतो. रेडिओ बंद पडल्यास विमानातील ट्रान्सपाँडरवर ७६०० हा क्रमांक लावायचा, म्हणजे रडारच्या पडद्यावर नियंत्रकाला ते कळते. ७७०० म्हणजे आणीबाणी आणि ७५०० म्हणजे अपहरण.

प्रवासी विमान बराच वेळ गप्प राहिले, तर प्रश्न नागरी नियंत्रकाच्या हातून हवाई संरक्षणाकडे जातो. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा जर्मनीवरून जाताना संपर्क तुटला. ३०० हून अधिक प्रवासी असलेले ते विमान अपहृत आहे की वैमानिकाच्या हातून फ्रिक्वेन्सी चुकली आहे, हे जमिनीवरून कळायला मार्ग नव्हता. जर्मन हवाई दलाची दोन युरोफायटर विमाने त्याच्या शेजारी जाऊन उडू लागली. संपर्क पुन्हा जुळला आणि विमान लंडनला सुखरूप उतरले. अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर रेडिओवरची शांतता ही केवळ तांत्रिक बिघाड मानली जात नाही.

श्रीनगरच्या विमानाबाबत काय घडले?

नागरी विमान आणि लष्करी नियंत्रण यांचा संबंध किती थेट असतो, हे भारताने २१ मे २०२५ रोजी पाहिले. दिल्लीहून श्रीनगरला जाणारे इंडिगोचे विमान पठाणकोटजवळ ३६ हजार फुटांवर गारपिटीच्या ढगासमोर आले. डीजीसीएने दिलेल्या माहितीनुसार, वैमानिकांनी डावीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमेच्या दिशेने वळण्याची परवानगी हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलकडे मागितली. ती मिळाली नाही. मग त्यांनी लाहोरच्या नियंत्रकाशी संपर्क साधून पाकिस्तानी हद्दीत शिरण्याची परवानगी मागितली. तीही नाकारण्यात आली. पहलगाम हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांसाठी हवाई हद्द बंद केली होती.

विमान ढगात शिरले. वेगाची मापने विश्वासार्ह राहिली नाहीत, ऑटोपायलट सुटला, एका टप्प्यावर विमान मिनिटाला साडेआठ हजार फूट या वेगाने खाली आले. वैमानिकांनी ते हाताने सावरले आणि नाक फुटलेले विमान श्रीनगरला उतरवले. कोणालाही इजा झाली नाही. इथे रेडिओ उत्तम चालत होता, प्रत्येक हाक पोहोचली होती. हाकेला उत्तर काय द्यायचे हा निर्णय मात्र युद्धजन्य परिस्थितीने आधीच बांधून टाकला होता. ऐकू येणे ही पहिली पायरी झाली. ऐकल्यावर आणीबाणीत कोण, किती लवकर आणि कोणत्या अधिकाराने सूट देऊ शकतो, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

चरखी दादरीने काय शिकवले?

भारताला हा प्रश्न नवा नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीला येणारे कझाकस्तानचे इल्युशिन-७६ हवेतच धडकले. ३४९ जणांचा मृत्यू झाला. हवेत झालेल्या टकरींपैकी ती आजवरची सर्वात मोठी. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, सौदी विमानाला १४ हजारांवर. कझाक विमान खाली येतच राहिले.

त्या विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटरचे होते. ऐकणारा एक आणि विमान चालवणारा दुसरा. समोरून येणाऱ्या विमानाची सूचना मिळाली होती, पण तिचा अर्थ सुकाणू धरणाऱ्या हातांपर्यंत वेळेत पोहोचला नाही. याच्या मागे आणखी एक कारण होते. त्या काळी दिल्लीभोवतीची बरीचशी हवाई हद्द हवाई दलाकडे असल्याने येणारी आणि जाणारी नागरी विमाने एकाच अरुंद मार्गाने, वेगवेगळ्या उंचीवरून समोरासमोर जात. अपघातानंतर हे मार्ग वेगळे केले गेले आणि टक्करविरोधी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या किमान पातळीची अट घातली.

पुणे आणि गोव्यातील प्रवाशांचा संबंध कुठे?

पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, पण धावपट्टी आणि नियंत्रण मनोरा हवाई दलाकडे. सुखोई-३० विमाने आणि प्रवाशांनी भरलेली एअरबस त्याच एका धावपट्टीवरून उडतात. गोव्यात दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा तळ, तिथले नियंत्रण नौदलाचे. सकाळचे काही तास तिथे लष्करी सरावासाठी राखून ठेवण्याची पद्धत आहे. मोपा येथील मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यावर गोव्याला पूर्णतः नागरी पर्याय मिळाला. पुण्याला असा पर्याय अजून नाही. नाशिकच्या ओझरची धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आहे.

अशा तळांची एक जमेची बाजू आहे. लढाऊ आणि प्रवासी विमाने एकाच मनोऱ्याच्या हाताखाली असतात, दोन वेगळ्या यंत्रणांना फोनवरून जुळवून घ्यावे लागत नाही. हा मुद्दा किरकोळ नाही. वॉशिंग्टनच्या विमानतळाचा मनोरा आणि पेंटागॉन यांच्यातील थेट दूरध्वनी मार्च २०२२ पासून बंद होता, अशी कबुली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या अधिकाऱ्याने मे २०२५ मध्ये सिनेटच्या समितीसमोर दिली. तीन वर्षे तो बंद होता आणि प्रशासनाला त्याची खबरही नव्हती.

उणी बाजू अशी की वेग, वळणे आणि इंधनाची निकड या साऱ्यांत लढाऊ विमान आणि एअरबस यांचा मेळ बसत नाही. दोन्हींचा हिशेब एकाच नियंत्रकाच्या डोक्यात राहतो. लष्करी पथक वेगळ्या वाहिनीवर असेल, तर प्रवासी विमानाच्या वैमानिकाला आजूबाजूला काय चालले आहे याचे चित्र कानांनी बांधता येत नाही. नियंत्रक सांगेल तेवढेच त्याला कळते. त्यामुळे अशा तळांवर नियंत्रकांची संख्या, त्यांच्या पाळ्या आणि एकाच माणसाकडे दोन जबाबदाऱ्या सोपवल्या जातात का, हे प्रश्न थेट प्रवाशांच्या सुरक्षेचे आहेत.

देशपातळीवरही हवाई हद्दीच्या वाटणीचा प्रश्न आहे. देशातील फक्त ६० टक्के हवाई हद्द मुक्तपणे वापरता येते, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मे २०२० मध्ये सांगितले होते आणि निर्बंध शिथिल केल्यास विमान वाहतूक क्षेत्राचे वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपये वाचतील, असा अंदाज दिला होता. लष्कराला हवी तेव्हा हद्द घ्यायची आणि नको तेव्हा नागरी विमानांना मोकळी करायची, हे धोरण कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात ते दोन्ही बाजूंच्या नियंत्रकांमधल्या अखंड, तात्काळ संपर्कावर उभे असते.

आवाजाऐवजी मजकूर आला तर?

समुद्रावर तो आधीच आला आहे. अरबी समुद्राच्या मध्यावर व्हीएचएफ पोहोचत नाही. तिथे पूर्वीपासून एचएफ रेडिओ वापरतात, त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. खरखर इतकी की वैमानिकांनी सतत कान लावून बसणे अशक्य, म्हणून प्रत्येक विमानाला स्वतःचा स्वरसंकेत दिलेला असतो. तो आला की कॉकपिटमध्ये घंटी वाजते. आता उपग्रहाद्वारे नियंत्रक आणि वैमानिक एकमेकांना ठरावीक साच्यातील लिखित संदेश पाठवतात. उच्चार, खरखर, एकावर एक पडणारे बोलणे, या साऱ्यांतून सुटका होते.

पण किंमत मोजावी लागते. लिखित संदेश फक्त ज्याला पाठवला त्यालाच दिसतो, शेजारच्या विमानाला तो ‘ऐकू’ येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी विमानांनी आपली जागा, उंची आणि वेग सतत प्रसारित करावा आणि इतरांनी तो पडद्यावर पाहावा, अशी एडीएस-बी नावाची व्यवस्था आहे. वॉशिंग्टनच्या हेलिकॉप्टरमधून हे प्रसारण होत नव्हते. लष्करी विमानांना सुरक्षेच्या कारणासाठी ते बंद ठेवण्याची मुभा असते. प्रश्न पुन्हा तोच, उघडेपणा आणि गुप्तता यांचा.

उपग्रहांवर विसंबून राहण्यालाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात प्रामुख्याने अमृतसर आणि जम्मू परिसरात जीपीएसमध्ये अडथळा किंवा खोटे संकेत मिळाल्याच्या ४६५ घटनांची नोंद झाल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले होते. एडीएस-बीमधून प्रसारित होणारी जागा याच जीपीएसवरून घेतलेली असते. ती फसली, तर नियंत्रकाकडे उरतात जमिनीवरचे रडार आणि जुना, खरखरणारा आवाज.

जमिनीवरचे जाळे किती भक्कम?

रेडिओ म्हटले की डोळ्यांसमोर अँटेना येतो, पण त्यामागे तारा, सर्व्हर आणि संगणकांचे जाळे असते आणि अलीकडचे बिघाड तिथलेच आहेत. २८ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या न्यूअर्क विमानतळाची वाहतूक सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियातील कक्षात रडारचे पडदे काळे झाले आणि रेडिओही गप्प झाला. कारण, दूरसंचार वाहिनीतील बिघाड. जेमतेम मिनिट-दीड मिनिट. त्या धक्क्यानंतर काही नियंत्रक मानसिक ताणामुळे रजेवर गेले आणि पुढचे कित्येक दिवस न्यूअर्कची उड्डाणे कोलमडली.

दिल्लीत नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वेगळा प्रकार घडला. उड्डाणांचे आराखडे नियंत्रकांपर्यंत पोहोचवणारी स्वयंचलित संदेश यंत्रणा बंद पडली. वैमानिकांशी बोलणे सुरू होते, रडार सुरू होते. पण प्रत्येक विमानाचा आराखडा हाताने भरावा लागल्याने ८०० हून अधिक उड्डाणे रखडली. सुरक्षितता टिकली ती वेग सोडून दिल्यामुळे.

आता पुढे काय?

वॉशिंग्टनच्या अपघातानंतर हेलिकॉप्टरचा तो मार्ग बंद झाला आहे. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्याच विमानतळाच्या परिसरात विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या ८५ गंभीर घटना नोंदींत होत्या, हे एनटीएसबीने नंतर दाखवून दिले. माहिती होती, ती कोणी एकत्र करून पाहिली नव्हती.

भारतासाठी यातून निघणारे धडे खर्चिक नाहीत. संयुक्त विमानतळांवर लष्करी आणि नागरी विमाने जवळ आल्याच्या नोंदी दोन्ही बाजूंनी एकत्र तपासणे, गर्दीच्या वेळी एकाच नियंत्रकावर दोन वाहिन्या न सोपवणे, शक्य तिथे उतरणाऱ्या-उडणाऱ्या सर्व विमानांना एकाच वाहिनीवर आणणे, लष्करी आणि नागरी कक्षांमधल्या थेट दूरध्वनींची रोज चाचणी घेणे, आणि आणीबाणीतल्या प्रवासी विमानाला सीमेजवळ किती सूट द्यायची याचा निर्णय आधीच लिहून ठेवणे. यातील काहीही नव्या उपग्रहाची वाट पाहत नाही.

लष्कराला गुप्तता लागणारच आणि प्रवासी विमानांची संख्याही वाढणारच. दोन रेडिओ एक होणार नाहीत, तोवर त्यांच्यामधला दुवा एका खुर्चीवर बसलेला माणूस आहे. पुण्याहून पहाटेचे विमान पकडणाऱ्या प्रवाशाला तो दिसत नाही. त्याच्यासमोर किती वाहिन्या आहेत आणि त्याच्या शेजारची खुर्ची भरलेली आहे की रिकामी, यावर मात्र बरेच काही अवलंबून असते.